नजर आहे तोवरच कान तयार करा

उत्तर नेमकं कशाचं आहे हे वाचणाऱ्याला कळावं, म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमच्या ताई ४६ वर्षांच्या आहेत आणि हिशेबाचं काम करतात. काचबिंदूमुळे दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेली आहे, मधली थोडी उरली आहे. सध्या त्या पडद्याला नाक टेकवून काम करतात आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसतात. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. अंधांसाठीचा खास संगणक घ्यायचा का? कोणतं सॉफ्टवेअर सगळ्यात चांगलं? आणि ताई हे काम पुढे करू शकतील का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिले दोन त्याच काळजीतून आलेत. हिशेबाचं काम नजरेशिवाय करता येतं. तसं करणारी माणसं आहेत, त्यातल्या काहींना मी शिकवलं आहे. ताईंना ते जमणं दोन गोष्टींवर अवलंबून आहे: त्या शिकायला कधी बसतात, आणि त्यांच्या कार्यालयातला हिशेबाचा प्रोग्राम बोलतो की मुका आहे. खास संगणक लागत नाही. नेहमीचाच संगणक घ्या, फक्त तो रखडणारा नसावा. कळ दाबल्यावर आवाज यायला अर्धा सेकंद उशीर झाला, तरी ऐकून काम करणाऱ्याची लय तुटते. सोबत उजवीकडे आकड्यांचा वेगळा भाग असलेला मोठा कीबोर्ड घ्या. स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचं बोलून सांगणाऱ्या प्रोग्रामच्या, कितीतरी आज्ञा त्या आकड्यांच्या कळांवर असतात आणि हिशेबालाही तो भाग लागतोच.

मी गेली २२ वर्षं नजर गेलेल्या आणि जात असलेल्या माणसांना संगणक शिकवते. माझी स्वतःची नजर रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने गेली, तीही ताईंसारखीच कडेकडून आत सरकत. त्या काळात जवळजवळ तीन वर्षं मी नुसती अक्षरं मोठी करत राहिले. शेवटी शेवटी पडद्यावर एका वेळी चार अक्षरं मावायची, आणि ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात काय होती हे विसरायला व्हायचं. स्क्रीन रीडर तेव्हाही होते. पण ते अंधांसाठी असतात आणि आपण अजून अंध नाही, असं मी धरून बसले होते. ती तीन वर्षं मी शिकण्यात घालवली असती तर पुढचा काळ इतका जड गेला नसता. म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहिते आहे: ताईंना थोडं दिसतंय तोवरच ऐकून काम करायला शिकू द्या. अडलं तर एक नजर टाकून खात्री करता येते, भीती कमी वाटते आणि नोकरी चालू असताना शिकणं होतं. सगळं दिसेनासं झाल्यावरही शिकता येतं, पण तेव्हा दुःख आणि अभ्यास एकाच वेळी पेलावे लागतात.

आता ताईंच्या उरलेल्या नजरेबद्दल. इथे घरच्यांची, आणि कधीकधी शिकवणाऱ्यांचीही, एक चूक होते. नजर कमी म्हटलं की सगळे अक्षर मोठं करायला धावतात. ज्यांची मधली नजर गेली आहे, उदाहरणार्थ मॅक्युलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या, ऱ्हासात, त्यांना मोठ्या अक्षराचा उपयोग होतो. काचबिंदूत बहुधा उलटं असतं. नळीतून पाहिल्यासारखं मधलंच दिसतं, आणि अक्षर जितकं मोठं कराल तितकं त्या नळीत कमी मावतं. विंडोजमधलं भिंग १६०० टक्क्यांपर्यंत मोठं करतं, पण ताईंना कदाचित १५० टक्केच पुरेल. त्याहून जास्त गरज उठावाची आहे: काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी किंवा पिवळी अक्षरं. भिंग चालू असताना कंट्रोल, ऑल्ट आणि आय दाबलं की रंग उलटे होतात. वेबपानांच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उठावाचं प्रमाण किमान ४.५:१ ठेवायला सांगितलं आहे. ताईंना त्याहून बरंच जास्त लागेल.

माउसचा बाण मोठा आणि भडक रंगाचा करा, लिहिण्याचा कर्सर जाड करा. दोन्ही सोयी विंडोजच्या सुगम्यता सेटिंगमध्येच आहेत. प्रोग्रामची खिडकी पूर्ण पडदाभर न पसरवता लहान ठेवून मधोमध आणा, म्हणजे डोळ्यांना शोधाशोध कमी पडेल. पडद्यापासून थोडं मागे सरकून बसून बघायला सांगा. नळीएवढ्या नजरेत लांबून जास्त भाग मावतो. हे ऐकून बरेच जण चकित होतात, कारण आयुष्यभराची सवय पुढे वाकण्याची असते. पाठीमागे खिडकी असेल तर टेबल फिरवा, काचबिंदूत झगमगाट फार छळतो.

हे सगळं केल्यावरही लांबलचक वाचन डोळ्यांनी करू नये, असं माझं ठाम मत आहे. डोळा फक्त झटकन बघण्यासाठी ठेवायचा: खिडकी कोणती उघडी आहे, कागद कुठे संपतो, सही कुठे आहे. वाचायचं काम कानाला द्यायचं.

आणि इथे स्क्रीन रीडर येतो. तो पडदा 'बघतो' असा बहुतेकांचा समज असतो. तो बघत नाही, विचारतो. प्रत्येक प्रोग्राम आपल्या खिडकीतल्या वस्तूंची माहिती संगणकाच्या कार्यप्रणालीला देत असतो: वस्तूचं नाव, तिचा प्रकार आणि तिची अवस्था. स्क्रीन रीडर ती माहिती घेऊन बोलतो: "जतन करा, बटण", "पाठवा, चौकट, खूण केलेली". प्रोग्राम लिहिणाऱ्याने बटणावर सुंदर चित्र काढलं आणि नाव द्यायचं राहिलं, तर आपल्याला नुसतं "बटण" ऐकू येतं. अशी आठ बटणं एका रांगेत असली तर आठदा "बटण". हे एवढं कळलं की ताईंची अर्धी चिडचिड वाचेल, कारण अडलं तेव्हा चूक आपली की प्रोग्रामची हे ओळखता येतं. नवशिका माणूस नेहमी दोष स्वतःकडे घेतो.

कोणता स्क्रीन रीडर घ्यायचा? विंडोजवर एनव्हीडीए घ्या. २००६ मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने तो लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्यात आला. वापरणाऱ्याला तो फुकट मिळतो आणि पेनड्राइव्हवरूनही चालतो. जॉज हा त्याहून जुना आणि विकत घ्यावा लागणारा. टेड हेंटर यांनी मोटार अपघातात दृष्टी गेल्यावर कंपनी काढली आणि १९८९ मध्ये तो विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीवर आणला. जॉज उत्तम आहे, काही अवघड प्रोग्रामांसाठी त्याच्यात खास सोयी करून घेता येतात. तरी पहिल्या दिवशी पैसे घालू नका. एनव्हीडीएवर कार्यालयातला प्रोग्राम चालत नाही आणि जॉजवर चालतो, असं स्वतः पडताळून पाहिलंत तरच घ्या. विंडोजमध्ये नॅरेटर आधीपासून असतो, विंडोज कळ, कंट्रोल आणि एंटर दाबलं की बोलू लागतो. दुसऱ्याच्या संगणकावर अडीअडचणीला तो बरा. मॅकमध्ये २००५ पासून व्हॉइसओव्हर अंगभूत आहे, आणि २००९ मध्ये तो आयफोनवर आला. काच गुळगुळीत असली तरी अंध माणूस फोन चालवू शकतो हे त्यानंतर सगळ्यांना दिसलं. अँड्रॉइडवर टॉकबॅक आहे.

फोन आधी की संगणक, असंही लोक विचारतात. दोन्ही एकदम चालू द्या. फोनवर बोट उजवीकडे सरकवलं की पुढची वस्तू, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. एवढ्यावर ताई पहिल्याच आठवड्यात स्वतः फोन लावतील, निरोप वाचतील, आणि मनाला उभारी येईल. पोटापाण्याचं काम मात्र कीबोर्डवर होतं, त्यामुळे खरा अभ्यास तिथे.

पहिले १५ दिवस स्क्रीन रीडरच्या आज्ञांचं नावही काढू नका. फक्त टायपिंग. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात, आकड्यांमध्ये ५ वर असतो. त्यांवर बोट ठेवून न बघता सगळा कीबोर्ड हाताखाली यायला हवा. ताई इतकी वर्षं संगणकावर काम करतात, त्यामुळे त्यांना वाटेल की हे येतंच. बघून टाइप करणाऱ्याला ते येत नसतं. एनव्हीडीए चालू करून इन्सर्ट आणि १ एकत्र दाबलं की कीबोर्ड सरावाच्या स्थितीत जातो: जी कळ दाबाल तिचं नाव आणि काम सांगितलं जातं, प्रत्यक्ष काही घडत नाही. पहिल्या दिवसांत याच्यासारखा गुरू नाही.

मग कान. पहिल्यांदा तो यंत्राचा आवाज नकोसा वाटतो. माझ्याकडच्या एका बाईंनी पहिल्याच तासाला हेडफोन काढून ठेवला होता आणि त्या रडल्या होत्या. दीड महिन्याने त्याच बाई मला वेग वाढवायला सांगत होत्या. आवाज इतका सावकाश ठेवा की प्रत्येक शब्द कळेल, आणि आठवड्याला थोडा थोडा वाढवा. माणसासारखे गोड आवाज सुरुवातीला बरे वाटतात. पण वेग खूप वाढवल्यावर ईस्पीक एनजीसारखा कोरडा, यांत्रिक आवाजच जास्त स्पष्ट राहतो, आणि तो मराठीही वाचतो. कंट्रोल दाबलं की बोलणं थांबतं, ही सर्वांत आधी शिकायची आज्ञा. यंत्राला गप्प करता येतं हे कळलं की त्याची भीती जाते.

ज्यांना थोडं दिसतं त्यांच्यासाठी एक युक्ती सांगते. एनव्हीडीएमध्ये पडदा पूर्ण काळा करण्याची सोय आहे. ती हिशेब इतरांनी पाहू नयेत म्हणून उपयोगी आहेच, पण शिकताना रोज एक तास ती चालू ठेवा. नाहीतर डोळा सारखा मधे डोकावतो आणि कान आळशी राहतो. तासाभराने पडदा परत आणा. कोणी सक्ती केली म्हणून हे करायचं नाही, ताईंनी स्वतः ठरवून करायचं.

वेबपान वाचताना नवशिके वरपासून खालपर्यंत सगळं ऐकत बसतात आणि थकतात. दिसणारा माणूस तरी कुठे सगळं वाचतो? त्याची नजर मथळ्यांवरून घसरत जाते. आपणही तेच करतो, एच दाबून. प्रत्येक वेळी पुढचा मथळा येतो. बी दाबलं की बटण, के दाबलं की दुवा, ई दाबलं की लिहायची चौकट, टी दाबलं की तक्ता. इन्सर्ट आणि एफ७ दाबलं की पानातल्या सगळ्या दुव्यांची किंवा मथळ्यांची यादी उघडते. चौकटीत लिहायचं झालं की एनव्हीडीए स्वतः वाचनातून लेखनात जातो, कधी गेला नाही तर इन्सर्ट आणि स्पेस. "मी टाइप करतेय आणि पान इकडेतिकडे उडतंय" ही तक्रार आली की मी समजते, हा बदल झालेला नाही.

आता हिशेबाच्या तक्त्यांकडे येते, कारण ताईंचं सगळं तिथेच अडकलं आहे. एक्सेलमध्ये बाणाच्या कळांनी फिरलं की मजकूर आणि सेलचा पत्ता, उदाहरणार्थ 'सी १४', दोन्ही ऐकू येतात. कंट्रोलसह बाण दाबला की भरलेल्या भागाच्या टोकाला जाता येतं, एफ२ दाबलं की सेलच्या आत. एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते: मथळ्यांच्या ओळीतल्या पहिल्या सेलवर जाऊन इन्सर्ट, शिफ्ट आणि सी दाबलं, तर एनव्हीडीए त्या ओळीला स्तंभांचे मथळे मानतो. मग २०० ओळी खाली गेलं आणि स्तंभ बदलला, तरी आधी "येणे बाकी" किंवा "तारीख" ऐकू येतं आणि मग आकडा. ही एक सोय कळल्यावर लोकांचा कामाचा वेग बदललेला मी पाहिला आहे.

आकडे ऐकताना मात्र सावध राहायचं. मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट वेगात ऐकले की गल्लत होते. हिशेबाची खात्री करताना आकडा अंक-अंक करून ऐकायचा: पाच, नऊ. आकड्यांच्या भागातली ५ ची कळ दोनदा पटकन दाबली की वाचनाच्या कर्सरखालचा शब्द सुटा सुटा करून सांगितला जातो. रोजच्या कामात हा नियम मोडू नये. मी स्वतः आजही मोडत नाही.

कार्यालयातल्या सहकाऱ्यांना दोनच विनंत्या करायच्या. सेल एकमेकांत जोडून मोठे मथळे करू नका, त्याने ऐकणाऱ्याला दिशा कळत नाही. आणि रंगाने निरोप देऊ नका. "लाल केलेल्या नोंदी तपासा" हे ताईंना समजणार नाही. रंग बोलायला लावता येतो, पण प्रत्येक सेलला रंगाचं नाव ऐकणं त्रासाचं असतं. शेजारी एक स्तंभ घालून त्यात 'तपासा' असं लिहिलं की पुरे, आणि त्यावर छाननीही लावता येते.

मराठी मजकुराचं एक जुनं दुखणं आहे. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांसाठीच्या एकसमान संकेतपद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये लिहिलेल्या फाइली दिसायला मराठी असतात, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्या उघडल्या की स्क्रीन रीडर अर्थहीन काहीतरी बरळतो. अशा फाइली एकदा रूपांतरकातून काढून युनिकोडमध्ये आणाव्या लागतात, आणि जोडाक्षरं नंतर तपासावी लागतात. दुसरं दुखणं म्हणजे स्कॅन केलेल्या पीडीएफ. तो मजकूर नसून फोटो असतो, आणि स्क्रीन रीडर तिथे गप्प राहतो. इन्सर्ट आणि आर दाबून विंडोजच्या अक्षरओळखीकडून तो वाचून घेता येतो. छपाई स्वच्छ असेल तर चांगला, शिक्के आणि हाताने लिहिलेलं असेल तर वाईट. कोणी पीडीएफ पाठवणार असेल तर मूळ फाइल मागायची सवय ताईंनी लावून घ्यावी, त्यात संकोच नको.

ब्रेल शिकावी का? जमल्यास शिकावी, घाई नको. लुई ब्रेल यांनी वयाच्या १५ व्या वर्षी, १८२४ मध्ये, सहा ठिपक्यांची ही लिपी बसवली, आणि स्पेलिंग किंवा आकडा बोटाखाली धरून ठेवायला आजही तिच्यासारखं काही नाही. संगणकाला जोडायच्या ब्रेल पट्टीवर ठिपके वर-खाली होऊन ओळ उमटते. ४० घरांची पट्टी कार्यालयीन कामाला सोयीची असते, पण ती महाग असते आणि ४६ व्या वर्षी बोटाला वेग यायला वेळ लागतो. ताईंना नोकरी टिकवण्यासाठी आधी आवाज हवा.

फोनच्या कॅमेऱ्याने वाचून दाखवणारी साधनंही लावून घ्या. सीइंग एआय २०१७ पासून आहे. बी माय आइज २०१५ मध्ये सुरू झालं तेव्हा कॅमेऱ्यातून स्वयंसेवक पाहून सांगायचे. ते अजून आहेतच, शिवाय २०२३ पासून त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचं वर्णनही आलं. पाकिटावर काय लिहिलंय, दिवा चालू आहे का, यासाठी मी रोज वापरते. पण ही यंत्रं चुकीची गोष्टही तितक्याच ठाम आवाजात सांगतात. औषधाची मात्रा, खातेक्रमांक, बिलाची एकूण रक्कम यांसाठी एकाच वाचनावर विसंबायचं नाही, दुसऱ्या मार्गाने ताळा करायचाच. दुसऱ्यांचे हिशेबाचे कागद तर अशा सेवांकडे पाठवूच नयेत.

आता तुमच्याबद्दल, कारण प्रश्न तुम्ही लिहिला आहे, ताईंनी नाही. त्या अडल्या की तुमचा हात माउसकडे जाईल. तो आवरा. "इथे क्लिक कर" याला ऐकणाऱ्याच्या जगात अर्थ नाही, कळेचं नाव सांगा: "टॅब दाब, पुन्हा दाब, काय ऐकू आलं?" आणि उत्तराची वाट बघा. दहा सेकंदांत तुम्ही करून दिलेलं काम त्यांना उद्या पुन्हा तुमच्याकडूनच करून घ्यावं लागेल. त्यांच्या संगणकावरच्या फाइली न विचारता हलवू नका, आवाजाच्या सेटिंगला हात लावू नका. आणि हा सगळा बेत त्यांच्याशी बोलून ठरवा. एनव्हीडीए त्यांनी स्वतः उतरवून घ्यावा, कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबून स्वतः सुरू करावा.

एक काम मात्र तुम्ही या आठवड्यात करू शकता, तेही ताईंच्या आणि कार्यालयाच्या परवानगीने. पेनड्राइव्हवर एनव्हीडीए घेऊन त्यांच्या हिशेबाच्या प्रोग्रामवर चालवून बघा. पडद्याकडे पाठ करून बसा आणि फक्त टॅब आणि बाणाच्या कळांनी एक नोंद करून बघा. प्रत्येक चौकटीला नाव ऐकू येतं का, नोंद जतन झाल्याचं कळतं का, चुकीचा संदेश वाचला जातो का, हे टिपून घ्या. जिथे तो गप्प राहील तिथे कोणता पडदा होता, कोणती कळ दाबली आणि काय ऐकू आलं, हे लिहून मला कळवा. सगळाच प्रोग्राम मुका निघणं विरळा, बहुतेक वेळा दोन-तीन पडदेच अडतात, आणि त्यांच्यासाठी वेगळी वाट शोधता येते.